अँजिओग्राफी क्लिअर आली, पण छातीत आवळणं थांबलं नाही

पत्र: डॉक्टर मॅडम, माझं वय 52, सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी खानावळ चालवते. शुगर आठ वर्षं आहे, बीपीची गोळी चालू आहे पण कामाच्या गडबडीत कधी कधी राहते. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. दिवाळीपासून जिना चढला किंवा भरलेली कळशी उचलली की छातीत आवळतं, जबड्यापर्यंत जातं, थांबले की पाच-दहा मिनिटांत कमी होतं. ट्रेडमिल टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून अँजिओग्राफी केली, त्यात एकही ब्लॉकेज नाही. डॉक्टर म्हणाले मोठ्या नसा चांगल्या आहेत, आतल्या अस्तराचा आणि बारीक नसांचा प्रॉब्लेम वाटतोय, आणि गोळ्या लिहून दिल्या. घरी नवरा आणि मुलगा म्हणतात काही नाही, गॅस आहे, टेन्शन आहे. जाऊबाईंनी आलं-लसूण-लिंबू-व्हिनेगरचा काढा सुरू केलाय. भाचा जिमला जातो, त्याने आर्जिनिनची पावडर आणून दिली, म्हणतो याने अस्तर नवं होतं. एकाने सांगितलं सलाईन लावून नसा साफ करून देतात. तंबाखू मी खात नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ मशेरी लावते. हे अस्तर म्हणजे काय, आणि एकदा खराब झालं की परत नीट होतं का?

उत्तर:

ताई, आधी एक गोष्ट सांगते, बाकीचं नंतर. तुमचं दुखणं खरं आहे. चढताना आवळतं, थांबलं की कमी होतं, जबड्यात जातं आणि वर ट्रेडमिल पॉझिटिव्ह, हे सगळं एकत्र असेल तर ते हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडल्याचं दुखणं असण्याची शक्यता खूप जास्त आहे, गॅसचं दुखणं असं जिन्याला बांधलेलं नसतं. तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला बरोबर वाटतंय आणि त्यांनी रिपोर्ट क्लिअर आला म्हणून तुम्हाला तसंच घरी पाठवलं नाही हे फार चांगलं झालं, कारण तुमच्यासारख्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खात बसतात. हे उत्तर घरी नवऱ्याला आणि मुलाला पण वाचायला द्या.

आता अँजिओग्राफीत नक्की काय दिसतं ते बघू. हृदयाच्या वरून ज्या मोठ्या नसा जातात, साधारण दोन ते चार मिलीमीटर रुंदीच्या, त्यात डाय सोडून एक्स-रेवर बघतात की आतला रस्ता कुठे अरुंद झालाय का. तुमच्या त्या नसा मोकळ्या आहेत, उत्तम, त्याचा आनंद मानायचाच. पण त्या पुढे फुटत फुटत हृदयाच्या मांसात शिरतात आणि अर्ध्या मिलीमीटरपेक्षा बारीक होतात, त्या बारीक नसा अँजिओग्राफीत दिसतच नाहीत, आणि स्नायूला कुठल्या क्षणी किती रक्त मिळणार हे मुख्यतः त्याच ठरवतात. म्हणजे "ब्लॉकेज नाही" हे वाक्य मोठ्या नसांपुरतं खरं आहे. बारीक नसांबद्दल त्या रिपोर्टने काहीच सांगितलेलं नाही, आणि घरचे मात्र तो रिपोर्ट अख्ख्या हृदयाचं सर्टिफिकेट समजून बसलेत. या प्रकाराला मायक्रोव्हॅस्क्युलर अँजायना म्हणतात आणि तो पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त दिसतो. अमेरिकेत 1996 च्या सुमारास फक्त बायकांच्या छातीच्या दुखण्यावर एक मोठा अभ्यास सुरू झाला, त्यातून हे स्पष्ट झालं की दुखणं आहे पण मोठं ब्लॉकेज नाही अशा बायकांना पुढे हृदयाचा त्रास होण्याचं प्रमाण, काहीच दुखत नसलेल्या बायकांपेक्षा कितीतरी जास्त असतं. तेव्हा क्लिअर आलं म्हणून फाईल कपाटात टाकायची नाही.

अस्तर म्हणजे काय, तर प्रत्येक रक्तवाहिनीच्या आतून, अगदी रक्ताला लागून, पेशींचा फक्त एक थर असतो. एकच थर. त्याला एंडोथेलियम म्हणतात. हृदयाच्या कप्प्यापासून ते बोटाच्या टोकातल्या केसाहून बारीक नसेपर्यंत सगळीकडे तो आहे. आपल्याकडे लोकांच्या डोक्यात नस म्हणजे नळ आणि ब्लॉकेज म्हणजे नळात साचलेला गाळ असं पक्कं बसलंय, म्हणूनच तर "साफ करून घ्या" म्हणणारे गावोगावी भेटतात. पण नळ काही करत नाही, तो नुसता असतो. हा थर दिवसरात्र काम करतो. नस किती उघडायची किती आकसायची हे तो सांगतो, रक्त आतल्या आत गोठू नये याची काळजी घेतो, रक्तातलं काय भिंतीत शिरू द्यायचं आणि काय नाही ते ठरवतो, कुठे जखम झाली तर पांढऱ्या पेशींना बोलावतो.

हे सगळं तो करतो हे डॉक्टरांनाही फार उशिरा कळलं. 1980 पर्यंत या थराकडे नुसतं आतलं आवरण म्हणूनच बघायचे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट नावाचे संशोधक सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या कापून त्यावर औषधं टाकून बघत होते, आणि अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं एक रसायन टाकलं की काही पट्ट्या सैल व्हायच्या आणि काही होतच नव्हत्या. शोधताना लक्षात आलं की ज्या पट्ट्यांची आतली बाजू तयार करताना घासली गेलीय त्या सैल होत नाहीत. अस्तर शाबूत असेल तर नस उघडते, अस्तर गेलं की तेच औषध ती उघडूच शकत नाही. म्हणजे अस्तरातून काहीतरी बाहेर पडतं जे भिंतीतल्या स्नायूला सैल करतं, आणि ते काहीतरी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू आहे हे 1987 पर्यंत सिद्ध झालं. याच कामासाठी फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं. मधे 1986 मध्ये तेच अ‍ॅसिटिलकोलिन पेशंटच्या हृदयाच्या नसांमध्ये सोडून बघितलं तर निरोगी नसा रुंद झाल्या आणि आजारी नसा उलट आकसल्या. तुमच्या छातीत जे होतंय ते समजायला हा एक प्रयोग पुरेसा आहे. औषध एकच, अस्तर कसं आहे त्यावर परिणाम उलटा.

तुम्ही जिना चढता तेव्हा हृदयाला एकदम कितीतरी पट रक्त लागतं. रक्ताचा वेग वाढला की ते अस्तरावर घासत जातं, ते घासणं अस्तराला कळतं आणि ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं, नसा उघडतात, रक्त पोचतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. हा वायू काही सेकंदच टिकतो, म्हणजे तो सतत ताजा बनवत राहावा लागतो. तुमच्या बारीक नसांचं अस्तर थकलंय म्हणून ते हवं तेवढं बनवत नाही, नसा पूर्ण उघडत नाहीत, स्नायू रक्तासाठी तडफडतो आणि तुम्हाला आवळतं. थांबलात की मागणी कमी होते आणि दुखणं जातं. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट दिली असेल तर ती पण हेच करते, शरीरात गेल्यावर तिच्यातून तोच नायट्रिक ऑक्साइड मिळतो. फक्त बारीक नसांच्या त्रासात ती कधी कधी म्हणावं तेवढं काम करत नाही, तेव्हा तिने आराम पडला नाही तर ते डॉक्टरांना नक्की सांगा, त्यावरून पुढची गोळी ठरते.

मग तुमचं अस्तर थकलं कशाने? पत्रात तुम्ही स्वतःच सगळं लिहिलंय. मी आधी मशेरीवर येते, कारण तुम्ही ती "फक्त" म्हणून एका ओळीत संपवलीत. ताई, मशेरी ही तंबाखूच आहे. तव्यावर भाजून काळी केली, कुटली, म्हणून तिच्यातलं निकोटीन जात नाही, ते हिरड्यांतून थेट रक्तात जातं, नाडी आणि बीपी वाढवतं, नसा आकसवतं, आणि सकाळी एकदा संध्याकाळी एकदा म्हणजे अस्तराला उसंतच मिळत नाही. दात घासायचं काम म्हणून आपल्याकडच्या बायका तिला तंबाखूत धरतच नाहीत, डॉक्टरने "तंबाखू खाता का" विचारलं की मान हलवून नाही म्हणतात आणि मग डॉक्टरच्या कागदावर पण "नाही" लिहिलं जातं. भारतासह 52 देशांत हार्ट अटॅकवर झालेल्या मोठ्या अभ्यासात नुसती चघळायची तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये सुद्धा अटॅकचा धोका न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाला. त्याच अभ्यासातून हे पण दिसलं की दक्षिण आशियातल्या, म्हणजे आपल्याकडच्या लोकांना पहिला अटॅक सरासरी 53 व्या वर्षी येतो आणि बाकीच्या देशांत 59 च्या आसपास. तुमचं वय 52 आहे.

मला माहितीय मशेरी सोडणं सोपं नाही. लहानपणी आईच्या मांडीवर बसून लागलेली सवय असते ही, आणि सोडली की डोकं दुखतं, चिडचिड होते, सकाळी पोट साफ होत नाही, मग बायका तिसऱ्या दिवशी परत डबी काढतात. पोटाचं कारण सगळ्यात जास्त बायका सांगतात, तर त्यासाठी पहाटे दोन ग्लास कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि काकडी वाढवणं, आणि तरी अडलं तर डॉक्टरांकडून काही आठवडे इसबगोल. सगळ्यात जास्त त्रास पहिले दोन-तीन आठवडे असतो, पुढे उतरत जातो. सरकारचा तंबाखू सोडण्यासाठीचा फुकट फोन नंबर आहे 1800-11-2356, त्यावर बोला, आणि निकोटीनच्या चिंगमची गरज वाटली तर छातीचं दुखणं असताना आपल्या मनाने दुकानातून आणू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून घ्या. डबी घरात ठेवूच नका. घरात सासूबाई किंवा जाऊबाई लावत असतील तर दोघी-तिघींनी मिळून सोडलेली जास्त टिकते, माझ्या पेशंट बायकांमध्ये मी हे खूपदा बघितलंय.

दुसरी गोष्ट शुगर. स्नायूच्या पेशी रक्तात साखर वाढली की ती आत घेणं आवरू शकतात, अस्तराच्या पेशींना ते जमत नाही, बाहेर जेवढी जास्त तेवढी आत शिरते. मग आत रासायनिक गोंधळ होतो, जो नायट्रिक ऑक्साइड बनतो तो पण तिथल्या तिथे नष्ट होतो. डोळ्याचा पडदा, किडनी, पायांच्या नसा, शुगरने ज्या ज्या जागा खराब होतात तिथे सगळीकडे आधी बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तरच बिघडलेलं असतं, हृदय त्यातलंच एक. म्हणून यावर्षी डोळ्यांचा पडदा तपासला नसेल तर तपासून घ्या आणि लघवीतलं प्रोटीन पण, दोन्ही साध्या तपासण्या आहेत आणि तुमच्या बाकीच्या बारीक नसा कशा आहेत ते सांगतात.

बीपीची गोळी "कधी कधी राहते" असं लिहिलंय, ते वाचून मला खरंच काळजी वाटली. गोळी राहिली की दाब वर जातो, घेतली की खाली येतो, हे वरखाली अस्तराला वर्षानुवर्षं सोसावं लागतं आणि तुम्हाला जाणवत काहीच नाही म्हणून तर ती राहते. गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये, जिथे तुमचा हात दिवसातून शंभरदा जातो तिथे गोळ्यांची एक पट्टी ठेवा.

पाळी जाणं ही तिसरी गोष्ट, यात तुमचा काही दोष नाही. इस्ट्रोजेन हार्मोन अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायला मदत करतं, पाळी गेली की ती मदत जाते, त्यामुळे पन्नाशीपर्यंत पुरुषांच्या मागे असलेल्या बायका पुढे हृदयाच्या आजारात त्यांना गाठायला लागतात. यावर कुणी हार्मोनच्या गोळ्या घ्या म्हणेल, हृदयासाठी म्हणून त्या घेऊ नका. अमेरिकेत हजारो बायकांवर या गोळ्यांची ट्रायल झाली होती आणि 2002 मध्ये मधेच थांबवावी लागली, फायदा होण्याऐवजी स्तनाचा कॅन्सर, हृदयाचा त्रास आणि पक्षाघात वाढलेला दिसला.

आता तुमच्या धंद्याबद्दल बोलते, राग मानू नका. खानावळीत सकाळची भजी, दुपारचं तळण आणि संध्याकाळचे वडे एकाच तेलात, कमी झालं की वरून नवं ओतायचं, हे सगळीकडे चालतं मला माहितीय. न्यूझीलंडमध्ये 1999 साली एक छोटा प्रयोग झाला, लोकांना एकदा ताज्या तेलाचं आणि एकदा हॉटेलच्या कढईत वापरून झालेल्या तेलाचं जेवण दिलं आणि काही तासांनी हाताच्या नसेची उघडण्याची ताकद मोजली, वापरलेल्या तेलाच्या जेवणानंतर ती एकाच जेवणात झपकन उतरली होती. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पण 2018 पासून तळणीचं तेल किती खराब होईपर्यंत वापरायचं याची मर्यादा घातलीय. तुम्ही स्वतः रोज तेच खाता, घरचे खातात, आणि जे पोरं शिकायला गावात राहून दोन वेळ तुमच्याकडे जेवतात ते पण तेच खातात. कढई छोटी घ्या म्हणजे तेल कमी लागेल आणि लवकर संपेल, काळं फेसाळ झालेलं तेल परत वापरू नका, वनस्पती तूप बंद. आणि कढईच्या धुरासमोर उभं राहायचं तर खिडकी उघडी किंवा एक्झॉस्ट चालू हवा, कारण तो धूर पण श्वासातून आत जाऊन याच अस्तराला त्रास देतो. मीठ, पापड, खारा ठेचा, लोणचं, हे दिवसाला सगळं मिळून एक चहाचा चमचा मिठाच्या आत बसलं पाहिजे, पाच ग्रॅमची मर्यादा आहे ती.

नीट होतं का हा तुमचा खरा प्रश्न. हो ताई, होतं, बऱ्याच प्रमाणात होतं, आणि याचसाठी मी एवढं लांबलचक लिहितेय. नसेच्या भिंतीत वर्षानुवर्षं साचून कडक झालेली चरबी हटवणं फार अवघड आहे, पण अस्तर जिवंत आहे, त्याच्या पेशी बदलत राहतात, आणि त्रास देणारी गोष्ट काढली की ते सुधारायला लागतं. सिगरेट सोडलेल्या लोकांची हाताची नस एका वर्षाने मोजली तेव्हा ती आधीपेक्षा चांगली उघडत होती, वय वाढलेलं असूनही. तुमच्या मोठ्या नसांमध्ये अजून ब्लॉकेज नाही, म्हणजे आजार अशा टप्प्यावर सापडलाय जिथे तुमच्या हातात सगळ्यात जास्त आहे. दहा वर्षांनी सापडला असता तर मी इतक्या खात्रीने हो म्हटलं नसतं.

अस्तरासाठी सगळ्यात मोठं औषध चालणं. वर सांगितलं तसं रक्त वेगाने घासत गेलं की अस्तर नायट्रिक ऑक्साइड बनवतं, रोज घासलं गेलं की ते बनवण्याची यंत्रणाच वाढवतं, आणि थोडे दिवस बंद पडलं की परत मंदावतं. तुम्ही म्हणाल मी दिवसभर उभीच असते, मला कशाला चालायचं, तर उभं राहणं वेगळं आणि चालणं वेगळं. एका जागी ओट्यापाशी उभं राहिलं तर पायात रक्त तुंबतं, वेगाने घासत जात नाही. आठवड्यात दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा चालीने. पण लगेच उद्यापासून नाही. तुम्हाला श्रमाने दुखतंय, तेव्हा गोळ्या चालू होऊन दुखणं आटोक्यात आल्यावर, किती चालायचं हे डॉक्टरांना विचारून, सपाट रस्त्यावर, पहिली दहा मिनिटं अगदी हळू, आणि आवळलं की तिथेच थांबायचं, रेटायचं नाही. जेवण झालं की लगेच चालू नका, थोडं थांबा. दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर हिशोबाला तीन तास बसत असाल तर मधे मधे पाच मिनिटं उठून फेरी मारा, एवढ्यानेही पायांच्या नसांना फरक पडतो हे मोजून झालंय.

भाच्याच्या पावडरबद्दल. त्याचा तर्क चुकीचा नाही, अस्तर नायट्रिक ऑक्साइड बनवतं ते आर्जिनिनपासूनच, प्रथिनांमधल्या एका घटकापासून. पण तुमच्या शरीरात आर्जिनिन कमी नाहीये, डाळ, शेंगदाणे, तीळ, दूध यातून ते भरपूर मिळतं, अडचण बनवणाऱ्या यंत्रणेत आहे, कच्चा माल वाढवून ती सुधारत नाही. आणि हे नुसतं तर्काचं नाही. अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 153 जणांपैकी निम्म्यांना आर्जिनिन आणि निम्म्यांना खोटी गोळी देऊन सहा महिने बघायचं ठरलं होतं, नसांमध्ये सुधारणा काहीच दिसली नाही आणि आर्जिनिनवाल्यांपैकी 6 जण वारले, खोट्या गोळीवाल्यांपैकी एकही नाही, ट्रायल थांबवावी लागली. 2006 मध्ये ते छापून आलं. तुम्हाला अटॅक आलेला नाही, तरी हृदयाचा त्रास असलेल्या बाईने ती पावडर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. भाच्यावर चिडू नका, प्रेमाने आणलीय त्याने, पण डबा परत करा.

काढ्याने नसेतलं काही विरघळत नाही. आलं लसूण जेवणात छान आहे, रोज खा, पण त्यात मध घालत असाल तर तो काढा शुगरच्या पेशंटने रोज पेलाभर पिणं बरोबर नाही, आणि व्हिनेगरने तुमची अ‍ॅसिडिटी वाढली तर छातीत दुखतंय ते कशाचं हेच कळेनासं होईल, ही माझी मोठी भीती आहे. जाऊबाईंना म्हणा त्याऐवजी पालेभाज्या करू. पालक, मेथी, चाकवत, मुळ्याचा पाला, बीट, यात नायट्रेट असतं, तोंडातले जंतू त्याचं रूप बदलतात आणि पुढे शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, अस्तराला न विचारता, म्हणून अस्तर थकलेलं असलं तरी हा रस्ता चालतो. बीटच्या रसाने बीपी थोडं खाली येतं हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. तुम्ही रस नका पिऊ, शुगर आहे, कोशिंबीर करा. भाजी उकडून पाणी फेकायचं नाही, नायट्रेट त्या पाण्यातच उतरतं. आणि मशेरी सोडल्यावर तोंड स्वच्छ वाटत नाही म्हणून रोज जंतू मारणाऱ्या माउथवॉशच्या गुळण्या करू नका, ते कामाचे जंतू पण मारतात, साधं ब्रश आणि मिठाच्या पाण्याची चूळ पुरे, पाणी थुंकून टाकायचं. किडनीचा त्रास किंवा मुतखडा असेल तर पालक-बीट किती खायचं ते आधी डॉक्टरांना विचारा.

सलाईनवाल्याकडे जाऊ नका. ते जे देतात ती चिलेशन थेरपी, त्यातलं औषध शरीरातले धातू बांधून लघवीतून काढतं. शुगर आणि आधी हार्ट अटॅक आलेल्या एक हजार लोकांवर त्याची नीट ट्रायल झाली आणि 2024 मध्ये निकाल आला, पुढचे अटॅक, मृत्यू काहीच कमी झालं नाही. तुमच्या तर मोठ्या नसांमध्ये साफ करण्यासारखं काही नाहीच आहे, मग साफ काय करणार? आणि वीस-तीस सलाईनचे पैसे खानावळीच्या गल्ल्यातून जाणार.

राहिली डॉक्टरांनी दिलेली औषधं. बीपी आणि अँजायनाच्या काही गोळ्या नसा सैल ठेवतात, काही हृदयाचे ठोके कमी करून मागणी कमी करतात, आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन दिली असेल तर "माझं कोलेस्टेरॉल तर नॉर्मल आहे" म्हणून बंद करू नका, शुगर असलेल्या तुमच्या वयाच्या बाईला ती तशीही द्यावी लागते आणि ती कोलेस्टेरॉल उतरवण्याबरोबर अस्तराला पण मदत करते. पहिली गोळी लागू पडेलच असं नाही. स्कॉटलंडमध्ये तुमच्यासारख्याच, क्लिअर अँजिओग्राफीच्या 151 पेशंटवर एक ट्रायल झाली, 2018 मध्ये आली, त्यात सगळ्यांच्या बारीक नसा खास टेस्टने तपासल्या, पण निम्म्या लोकांच्याच बाबतीत त्या नेमक्या आकसतात की उघडत नाहीत हे बघून गोळ्या ठरवल्या, त्यांचं दुखणं बाकीच्यांपेक्षा जास्त कमी झालं. ती टेस्ट आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या काही कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओग्राफी करतात तिथे, होते. तुम्हाला आत्ता लगेच त्याच्या मागे लागायची गरज नाही, दोन-तीन महिने गोळ्या नेमाने घेऊनही आवळणं कमी झालं नाही तर मात्र डॉक्टरांना "बारीक नसांचा फ्लो मोजून घ्यायचा का" असं सरळ विचारा.

आणि हे कागदावर लिहून खानावळीच्या भिंतीला लावा, मुलाला दाखवून. आवळणं बसून राहूनही पंधरा मिनिटांच्या वर टिकलं, किंवा आराम करतानाच सुरू झालं, घाम फुटला, दम लागला, उलटीसारखं झालं, तर 108 ला फोन करायचा. ब्लॉकेज नाही मग कशाला अ‍ॅम्ब्युलन्स, असं कुणी म्हणायचं नाही. क्लिअर अँजिओग्राफी असलेल्यांनाही अटॅक येऊ शकतो, आणि शुगरच्या बायकांमध्ये तो नुसता प्रचंड थकवा आणि मळमळ म्हणूनही येतो, छातीत फार दुखतही नाही. स्कूटरवर मागे बसून दवाखान्यात जायचं नाही, कुणी आग्रह केला तरी.

पुढच्या व्हिजिटपर्यंत एका वहीत तारीख, काय करताना आवळलं, किती मिनिटं राहिलं, सॉर्बिट्रेटने गेलं का, आणि त्या दिवशी गोळी राहिली होती का एवढंच लिहा. आणि तपासायला जाताना मुलाला सोबत न्या, बाहेर बसवू नका, आत डॉक्टरांसमोर बसवा, आणि त्यांनी तंबाखूचं विचारलं की तुम्ही स्वतः सांगा, मशेरी लावत होते, अमुक तारखेपासून बंद केली.